कागदाची साक्ष

कागद ही वस्तु आपल्या शाळेंत इतकी सर्वत्र पसरलेली आहे कीं, तिच्याकडे कोणाचें विशेष लक्ष जात नाहीं. आपण तिजवर लिहितों, तिची पुस्तकें बांधतों, आणि मधल्या सुटींत कांहीं जण तिच्या होड्याही करतात. परंतु कागद केवळ दुसऱ्यानें लिहिलेलें वागवितो असें नाहीं. कित्येकदां तो स्वतःच साक्ष देतो. निळा लिटमस लिंबाच्या रसांत बुडविला आणि तो तांबडा झाला, म्हणजे आठवींतील मुलांच्या चेहऱ्यांवर जो आनंद दिसतो, तो इतकीं वर्षें शिकवूनही मला शिळा वाटलेला नाहीं. त्या लिटमसचाच एक दूरचा नातलग हा माझ्या लेखाचा विषय आहे. रक्ताचा, लघवीचा किंवा नाकांतील द्रवाचा थेंब घेऊन रोगाविषयीं साक्ष देणारी जी अरुंद पट्टी गेल्या महामारींत पुष्कळांच्या घरीं येऊन गेली, तिच्याविषयीं चार गोष्टी विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगाव्या असें मनांत आहे.

रंग पालटण्यावरून पदार्थ ओळखण्याची युक्ति जुनी आहे. इंग्लंडांत रॉबर्ट बॉईल यानें १६६४ सालीं रंगांविषयीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत व्हायोलेट फुलांच्या रसाचे असे प्रयोग दिले आहेत. पण त्यासाठीं इंग्लंडांत जावयास नको. सदऱ्यावर आमटीचा डाग पडला आणि आईनें त्यावर साबण लावला कीं तो एकाएकीं लालभडक होतो, हें कोणी पाहिलें नाहीं? हळदीला अल्क लागला म्हणजे ती तांबडी होते; हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या कृतीच्या मुळाशीं हाच गुण आहे. गाळणकागद हळदीच्या अर्कांत बुडवून वाळविला कीं तुमची चाचणीची पट्टी तयार झाली. खर्च विचाराल तर एका पैशाचाही नाहीं.

रोगनिदानांत या युक्तीचा प्रवेश मधुमेहामुळें झाला असें म्हटलें तरी चालेल. मधुमेह या नांवांतच मध आहे. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. पुढें बेनेडिक्टचें निळें द्रावण आलें. नळींत लघवीचे थेंब घालून तें उकळावयाचें, आणि तें हिरवें, पिवळें कीं विटकरी होतें तें पाहावयाचें. आम्हीं महाविद्यालयांत तो प्रयोग केला आहे. परंतु दिवा, नळी, चिमटा व उकळतें द्रावण यांचा संसार घरोघर कोण मांडणार? अमेरिकेंतील हेलन फ्री व आल्फ्रेड फ्री या रसायनशास्त्रज्ञ पतिपत्नींनीं हा संसार एका कागदाच्या टोकावर बसविला. त्यांच्या संशोधनांतून निघालेली 'क्लिनिस्टिक्स' ही पट्टी १९५६ सालीं बाजारांत आली. साखरेवरच काम करणारें एक पाचकद्रव्य व रंग देणारा पदार्थ हीं दोन्ही कागदांत अगोदरच वाळवून ठेवलेलीं असत. पट्टी बुडवावयाची आणि रंग पाहावयाचा. ज्या कामाला प्रयोगशाळा लागे, तें रोग्याच्या न्हाणीघरांत होऊं लागलें.

आतां आजच्या दोन रेघांच्या पट्टीकडे येऊं. समईची वात तेल वर ओढते, टीपकागद शाई पितो, तसाच या पट्टींत द्रव आपोआप पुढें सरकतो. याला आपण केशाकर्षण म्हणतों. पंप नको, वीज नको. पट्टीच्या आरंभीं सोन्याचे कण वाळवून ठेवलेले असतात. ते इतके सूक्ष्म असतात कीं पिवळे न दिसतां तांबडे दिसतात! सोन्याचा हा रंग सराफालाही सहसा पाहावयास मिळत नसेल. या कणांना प्रतिपिंड चिकटविलेले असतात. प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली, असें समजा. थेंबांत रोगजंतूचें विशिष्ट प्रथिन असेल तर ती किल्ली त्याला बसते, आणि कण त्यासह वाहूं लागतात. वाटेंत एका रेघेवर त्याच प्रथिनाला पकडणारे दुसरे प्रतिपिंड पहारा करीत असतात. तेथें कण अडकले, दाटले, कीं तांबडी रेघ दिसते. प्रथिन नसेल तर कण तेथून निसटतात, व पुढल्या दुसऱ्या रेघेवर मात्र अडकतात. पहिली रेघ रोगाची. दुसरी रेघ द्रव शेवटपर्यंत पोहोंचला याची. दुसरी रेघच उमटली नाहीं तर पहिलीवर कांहींही दिसो वा न दिसो, ती साक्ष रद्द समजावयाची. ज्या पातळ पडद्यावर हें सर्व घडतें तो बहुधा नायट्रोसेल्युलोजचा असतो. कागद ज्या तंतुद्रव्याचा होतो त्यापासूनच हा पडदा बनवितात, म्हणून त्याला कागदाचा चुलतभाऊ म्हणण्यास हरकत नाहीं.

येथवर सर्व कौतुकाचें झालें. परंतु साक्षीदार मिळाला म्हणून खटला संपत नाहीं. त्याची उलटतपासणी व्हावी लागते. ती कशी करावी हें मीं एका आशाताईंकडून शिकलों.

कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन पावसाळ्यांत, आमच्या बोर्डिंगांतील सातवीच्या एका मुलाला हुडहुडी भरून ताप आला. दोन कांबळीं घातलीं तरी त्याचे दांत वाजत होते. गांवांतील आशाताई आपली पिशवी घेऊन आल्या. त्यांनीं पट्टीवर पेन्सिलीनें मुलाचें नांव लिहिलें, बोट टोंचून थेंब घेतला, औषधाचे थेंब टाकले, आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. पंधरा मिनिटांनीं एकच रेघ दिसली, दुसऱ्या प्रकारची, म्हणजे द्रव पोहोंचल्याची. बोर्डिंगचे व्यवस्थापक सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "देवाची कृपा! मलेरिया नाहीं." तेव्हां ताई शांतपणें म्हणाल्या, "सर, पट्टीला दिसला नाहीं, इतकेंच. थंडी तर तुमच्या समोर वाजते आहे ना?" आणि त्यांनीं कांचेच्या पट्टीवर रक्ताचा एक जाड व एक पातळ थर घेऊन तो प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठविला. दुसऱ्या दिवशीं सूक्ष्मदर्शकाखालीं व्हायव्हॅक्स जातीचे हिंवतापाचे जंतु सांपडले. तीन दिवस क्लोरोक्विन व चौदा दिवस प्रायमाक्विन घेऊन मुलगा बरा झाला, आणि चौदाव्या दिवसाच्या गोळीपर्यंत ताई स्वतः येऊन विचारून जात होत्या.

"दिसला नाहीं" आणि "नाहीं" यांतील अंतर त्या बाईंनीं एका वाक्यांत सांगितलें. स्वस्त पट्ट्या सुधारण्याचा जगांत जो उद्योग चालला आहे, तो बराचसा हेंच अंतर कमी करण्यासाठीं आहे.

पट्टीला रोग न दिसण्याचीं कारणें अनेक आहेत. रक्तांत जंतु फार थोडे असले म्हणजे रेघ उमटण्याइतके सुवर्णकण जमत नाहींत. उलट एखादे वेळीं प्रथिन बेसुमार असलें तर सर्व किल्ल्या आधींच गुंतून पडतात आणि रेघ फिकी होते. हा चमत्कार विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. सर्वांत विलक्षण हकीगत हिंवतापाच्याच दुसऱ्या, अधिक घातक जातीची, म्हणजे फॅल्सिपारमची आहे. तिला ओळखणाऱ्या बहुतेक पट्ट्या 'एच.आर.पी.२' या एका प्रथिनाच्या खुणेवर विसंबून असतात. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत असे जंतु आढळले कीं, हें प्रथिन बनविण्याची जनुकच त्यांच्यांत राहिली नव्हती. ही गोष्ट २०१० सालीं प्रसिद्ध झाली. साक्षीदार ज्या चट्ट्यावरून चोर ओळखीत असे, तो चट्टाच चोराच्या अंगावरून नाहींसा झाला! पुढें आफ्रिकेंतील एरिट्रिया देशांत असे जंतु इतके पसरलेले दिसून आले कीं, त्या देशाला २०१६ सालीं आपल्या पट्ट्याच बदलाव्या लागल्या. म्हणजे पट्टी एकदां उत्तम केली कीं काम झालें, असें नाहीं. जंतूही आपल्या जागीं स्वस्थ बसत नाहीं.

त्यांतून हवामानाचा जाच. प्रतिपिंड हीं प्रथिनें आहेत, आणि प्रथिनाला उष्णता लागली म्हणजे काय होतें हें अंडें उकडणाऱ्या कोणालाही विचारावें. पुष्कळ पट्ट्यांच्या वेष्टणावर ३० किंवा ४० अंशांच्या खालीं ठेवण्याची सूचना असते. आतां वैशाखांतील विदर्भ, पत्र्याची खोली आणि उन्हांत उभी असलेली गाडी यांचा विचार करा. कोंकणांत वेगळीच अडचण. तेथें श्रावणांत डब्यांतले पापड मऊ पडतात, मग उघडी राहिलेली पट्टी कशी टिकावी? वेष्टणांत जी लहानशी पुडी असते ती ओल शोषण्यासाठीं असते; मुलें ती खेळावयास घेतात, म्हणून पालकांनीं तिकडे लक्ष द्यावें. आमच्या नववीच्या वर्गानें यंदां हळदीच्या पट्ट्यांचे दोन गठ्ठे केले. एक खिडकींत उन्हाला ठेवला व दुसरा डब्यांत बंद करून कपाटांत. महिन्यानंतर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला, तेव्हां कपाटांतली पट्टी तत्काळ तांबडी झाली, आणि खिडकींतली इतकी विटलेली होती कीं तिचा रंग पालटला कीं नाहीं यावर वर्गांत दोन पक्ष पडले. हा तंटा मला फार आवडला. जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांत फिक्या रेघेविषयीं हाच तंटा चालतो.

सुधारणेच्या ज्या वाटा निघाल्या आहेत, त्यांपैकीं एक तर अगदीं आपल्या ओळखीची आहे. कागदावर मेणबत्तीचा थेंब पडला तर त्या जागीं शाई बसत नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत जॉर्ज व्हाईटसाईड्स व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं कागदांत पाण्याला न जुमानणाऱ्या भिंती बसवून द्रवासाठीं बारीक गल्ल्या तयार केल्या, आणि दोन वर्षांनीं त्या भिंती मेणाच्या छपाईनें उभारण्याची रीति पुढें आली. छापलेला कागद तापविला कीं मेण वितळून आरपार मुरतें आणि भिंत पक्की होते. अशा कागदावर एकच थेंब तीन वाटांनीं जाऊन तीन निरनिराळ्या चाचण्या करूं शकतो. त्यांच्या पहिल्या कागदाला साखर व प्रथिन या दोहोंसाठीं मिळून पांच मायक्रोलिटर लघवी पुरत असे. हें माप साध्या थेंबाच्या दहाव्या हिश्श्याएवढें आहे. पुढें २०१२ सालीं बोटांतील रक्ताच्या थेंबावरून यकृताची स्थिति सांगणारा कागद त्याच परंपरेंत तयार झाला. क्षयाच्या व एच.आय.व्ही.च्या कांहीं औषधांनीं यकृताला इजा होऊं शकते, आणि अशा रोग्याला दर वेळीं शहरांतील प्रयोगशाळा कोठून परवडावी? त्या कागदाचा हेतु हा होता.

रक्ताच्या बाबतींत आणखी एक अडचण अशी कीं, तें मूळचेंच तांबडें. त्यांत तांबडी रेघ कशी ओळखावी? म्हणून तांबड्या पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठीं जें फिरतें यंत्र लागतें तें महाग असतें व विजेवर चालतें. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ मनु प्रकाश यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत यावर जो उपाय शोधला तो ऐकून मुलांना हसूं येईल. बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून, दोन्ही हातांनीं तो ताणून व सैल सोडून बटण गरगर फिरविण्याचें खेळणें तुम्हीं केलें असेल. त्याच तत्त्वावर त्यांनीं कागदाची चकती फिरविली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांताप्रमाणें ती मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत जाते, दीड मिनिटांत रक्तांतील द्रव वेगळा करते, आणि तिला खर्च येतो वीस सेंट, म्हणजे थोड्याशा रुपयांचा. खेळणें म्हणून ज्या वस्तु आम्ही शिक्षक वर्गांत जप्त करतों, त्यांकडे यापुढें जरा आदरानें पाहावें लागेल.

आपल्या देशांतही हें काम झालें. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेंतील देबज्योति चक्रवर्ती व सौविक मैती यांनीं कोरोनासाठीं कागदी पट्टीची एक चाचणी सिद्ध केली, आणि सत्यजित राय यांच्या कथांतील गुप्तहेरावरून तिला 'फेलूदा' असें नांव दिलें. सप्टेंबर २०२० मध्यें तिला सरकारी मान्यता मिळाली. पण येथें एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. त्या पट्टीपर्यंत येण्याआधीं विषाणूचें जनुकद्रव्य यंत्रांत वाढवून घ्यावें लागे. शेवटचें पाऊल कागदाचें, आधींचीं पावलें प्रयोगशाळेचीं. वर्तमानपत्रांत 'कागदी चाचणी' असा मथळा वाचला कीं कागदाच्या आधीं काय काय लागतें, हें विचारण्याची संवय लावून घ्यावी.

त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यांत काय झालें तेंही पालकांना आठवत असेल. परदेशांतून घाईनें मागविलेल्या प्रतिपिंड-चाचणीच्या संचांचे निकाल एकमेकांशीं जुळेनात. तेव्हां भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें राज्यांना ते वापरणें थांबवून परत करण्यास सांगितलें. उलट मे २०२१ मध्यें पुण्याच्या मायलॅब कंपनीचा घरीं वापरावयाचा संच मान्य झाला, तेव्हां त्याबरोबर परिषदेची स्पष्ट सूचना होती कीं, लक्षणें असतां पट्टी नकारार्थी आली तर आर.टी.-पी.सी.आर. चाचणी करून घ्यावीच. संचाची किंमत अडीचशें रुपये होती. माझ्या मतें त्या संचांत सर्वांत मोलाची वस्तु ती सूचना होती. आमच्या आशाताईंचें वाक्यच तेथें सरकारी भाषेंत छापलें होतें.

येथें गणिताच्या तासाची थोडी उसनवारी करतों. हे आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, हजार मुलांच्या शाळेंत दहा मुलांना एक रोग आहे. पट्टी शंभर रोग्यांपैकीं नव्वदांना ओळखते, आणि शंभर निरोग्यांपैकीं पंचाण्णवांना निरोगी म्हणते. ऐकण्यास उत्तम! आतां सर्वांची चाचणी करा. दहांपैकीं नऊ रोगी सांपडतील व एक निसटेल. पण राहिलेल्या ९९० निरोगी मुलांतील सुमारें पन्नासांवरही पट्टी रेघ उमटवील. म्हणजे रेघ दिसलेल्या एकोणसाठ मुलांत खरे रोगी अवघे नऊ! तीच पट्टी केवळ ताप आलेल्या, रोग असण्याचा दाट संशय असलेल्या मुलांना लावली तर तिची साक्ष कितीतरी खरी ठरते. साक्षीदार तोच; पण त्याला कोणत्या जागीं उभा केला यावर पुष्कळ अवलंबून आहे.

याच कारणानें अपुरी पट्टीही कधीं कधीं प्राण वाचविते. एच.आय.व्ही.नें खंगलेल्या रोग्याला क्षय जडला म्हणजे त्याला तपासणीपुरता बेडकाही काढवत नाहीं. अशांसाठीं लघवींतील क्षयजंतूचा अंश ओळखणारी एक पट्टी आहे. ती पुष्कळ रोगी ओळखूं शकत नाहीं, म्हणून सर्वसाधारण लोकांसाठीं तिची शिफारस नाहीं. तरीही आफ्रिकेंतील चार देशांच्या रुग्णालयांत तिची परीक्षा घेतली गेली. तिचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत आठ आठवड्यांतील मृत्यूचें प्रमाण पट्टी न वापरलेल्या रोग्यांत शेंकडा २५ होतें, तें पट्टी वापरलेल्यांत २१ वर आलें. शंभरांत चार. चार हा आंकडा लहान वाटेल. परंतु ती चार माणसें आपल्या घरचीं आहेत असें समजून तो पुन्हां वाचावा. तिची रेघ चांदीच्या साहाय्यानें अधिक ठळक करून न दिसणारे रोगीही दिसावे, असे प्रयत्न त्यानंतर झाले आहेत.

हा सर्व विषय वर्गांत सांगून झाल्यावर मागच्या बांकावरील एक मुलगी उठली. ती सहसा बोलत नाहीं. तिनें विचारलें, "सर, माझ्या आजीला मोतीबिंदूमुळें रेघ दिसतच नाहीं. तिनें पट्टी कशी वाचावी?" वर्ग क्षणभर गप्प झाला. इंग्लंडांतील अंधांच्या एका संस्थेनें २०२० सालीं गर्भधारणा-चाचणीचा एक नमुना दाखविला होता, त्यांत निकाल बोटांना लागणाऱ्या उंचवट्यांनीं कळत असे. तेवढें मीं तिला सांगितलें. पण तिला यंत्राचा नमुना नको होता, कागद पाहिजे होता. पाणी लागतांच एका जागीं फुगून वर येईल असा कागद करतां येईल काय, असें एका मुलानें सुचविलें. दुसऱ्यानें रंगाऐवजीं वास निघाला तर, असें विचारलें. हे दोन्ही प्रश्न मीं वहींत उतरून घेतले आहेत. त्या मुलीला आणि त्या दोघांना गाळणकागदाचे तक्ते, मेणबत्त्या व एक जुनी इस्त्री दिली आहे, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडून घेतली आहे.